टेकरीखालच्या तीन खोल्या

धारेत कुणी भाड्यानं लावायला म्हणून घर घ्यायचं ठरवलं, की त्या घरची बाई दुपारची माझ्याकडे येऊन बसते. सल्ला घ्यायला नव्हे, मी "घ्या" म्हणावं म्हणून. मी म्हणत नाही. मी विचारते, ते घर भर पावसात आतून पाहिलंत का? चार महिने रिकामं पडलं तर तेवढा दम आहे का? आणि भाडेकरूनं भाडं दिलं नाही तर त्याच्या दारात जाऊन उभं कोण राहणार? बाई सुपारी तोंडात टाकते आणि उठते. हिची जीभ कडू आहे, असं बाहेर सांगत असेल. आहेच कडू. देवासला झाली.

पैसा माझा नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा होता. आक्का ऐन विशीत विधवा झाली. मूलबाळ नाही. सासर सतवासकडचं, शेतीवाडी बऱ्यापैकी, दोन दीर. बरीच वर्षं तिनं त्या एकत्र घराचा स्वयंपाक केला. मग दिरांनी वाटण्या केल्या. भांडी वाटली, बैल वाटले, आक्का काही वाटता येईना. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे असं करून पाहिलं. तर एक जाऊ म्हणू लागली, हिचा चातुर्मास दर वर्षी माझ्याच वाट्याला का? शेवटी दिरांनी तिला नऊशे कलदार रुपये दिले, सगळा हक्क सोडल्याची फारखत लिहून घेतली आणि गाडीत बसवून आमच्याकडे धारेला पाठवून दिली.

आमचे हे दरबारच्या दप्तरात कारकून. पगार बेताचा, स्वभाव शांत. आमच्या घरी आक्काला कुणी तोडून बोललं नाही. तरी महिन्याभरात ती मला म्हणाली, "मला माझी चूल हवी."

"इथे काय कमी आहे?" मी विचारलं.

"कमी काही नाही गं. पण ही चूल तुझी. माझी असली म्हणजे भूक असेल तेव्हा पातेलं चढवीन, नसेल तेव्हा नाही चढवणार. भात करपला तर माझा मला करपेल. विशीपासून दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसले, आता पुरे."

तिचं म्हणणं मला पटलं. मी हिशेब मांडला. एकवेळ जेवणारी सोवळी बाई. खोलीचं भाडं, दाणा, सरपण, वर्षाला नेसायची दोन आलवणं, सगळं धरून महिना सात रुपये. गावातल्या सावकाराकडे पैसे ठेवले तर दरमहा शेकडा बारा आणे व्याज मिळे, म्हणजे नऊशेवर पावणेसात. वरचे चार आणे मी घालणार होते. खोलीसुद्धा पाहून ठेवली होती, आमच्याच आळीत, विहिरीजवळ.

त्या दसऱ्याला देवासहून भावजी आले.

भावजी म्हणजे यांचे चुलतभाऊ, देवासच्या थोरल्या पातीत नोकरीला. ज्यांनी देवास पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की गाव एक आणि राजे दोन; एक थोरली पाती, एक धाकटी. गावाची वाटणी अशी, की काही गल्ल्यांत रस्त्याची ही बाजू एकाची आणि ती बाजू दुसऱ्याची. कचेऱ्या दोन, कोतवाल दोन, न्याय दोन. भावजींना त्यात नवल वाटत नसे. त्यांचा जन्मच तिथला.

"व्याज?" भावजी म्हणाले. "वहिनी, उद्या सावकारानं दिवाळं काढलं तर काय त्याच्या ओट्यावर बसून रडणार? मकान कुठे पळून जातं? देवीच्या टेकरीच्या पायथ्याला तीन खोल्यांचं मकान आहे, मालक आठशेला देतोय. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुढची खोली हलवाई घेतो, मागे जत्रेकरू उतरतात. नऊ दिवसांत तीस रुपये! आणि नवरात्रं दोन, चैत्रातलं वेगळं."

"उरलेल्या दिवसांत काय मिळतं?"

"उरलेल्या दिवसांत काय माणसं घरात राहायची सोडतात? नऊ दिवसांत तीस, तर महिन्याला पंधरा कुठे गेले नाहीत. मी निम्मेच धरतोय बरं. उगाच फुगवून सांगायची मला सवय नाही."

या निम्म्यानं घात केला. निम्मं धरलं म्हटलं की माणूस सावध वाटतो. पण ते निम्मं कशाचं, हे पाहायला हवं होतं. जत्रेच्या दिवसांचं भाडं हे जत्रेचं भाडं असतं. त्याचं निम्मं करा, पाव करा, ते आषाढातलं भाडं होत नाही.

मी विचारलं, "आणि भाडं थकवलं कुणी तर?"

भावजी मोठ्यानं हसले. "अहो, आपलं राज्य आहे. कोतवाल माझ्या बैठकीत येऊन पान खातो. कुणाची छाती आहे थकवायची?"

आमच्या लोकांची ही जुनीच खोड. आमचे आजेपणजे दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून माळव्यात आले आणि ओळखीवर जगले. नोकरी ओळखीनं, सोयरीक ओळखीनं, विहिरीचं पाणीसुद्धा ओळखीनं. इथला बनिया घर घेण्याआधी गल्लीत चार दिवस उभा राहून येणारीजाणारी माणसं पाहतो. आम्ही दरबारात आपलं कोण आहे ते पाहतो.

हे म्हणाले, "भाऊ एवढं म्हणतोय तर बघून तरी येऊ."

आक्का माजघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "मागच्या खोलीत चूल आहे?"

"दोन आहेत, आक्का," भावजी म्हणाले. "एक दुधाला, एक स्वयंपाकाला."

सौदा तिथेच झाला. पुढचं सगळं नुसतं जाणंयेणं.

कार्तिकात आम्ही गेलो. इंदूरपर्यंत बैलगाडी, पुढे रेल. घर चांगलं दिसलं. त्या दिवसांत कुठलंही घर चांगलं दिसतं. आभाळ कोरडं, भिंतींना नवा चुना. पुढे ओटा, मग एकामागे एक तीन खोल्या, त्यांच्या मागे लगेच टेकरीचा चढ. आढ्यावर वानरं बसली होती.

"ही रोज असतात?" मी विचारलं.

"देवीची आहेत. काही करत नाहीत."

"छपराचे कवेलू फोडत असतील."

"फोडतील दोन-चार. वहिनी, तुम्ही घर पाहायला आलात की वानरं?"

मी म्हटलं, टेकरीचं पाणी कुठून उतरतं ते पावसाळ्यात पाहू, मग ठरवू. भावजी म्हणाले, तोवर विकणारा थांबणार आहे का? आक्का मागच्या खोलीत होती. चुलीचा एक कोपरा फुटलेला होता, त्यावरून ती बोट फिरवत होती. "लिंपून घेईन," ती म्हणाली. आठशे घराचे गेले, स्टांप, नजराणा आणि डागडुजीत उरलेल्या शंभरांतले बरेचसे गेले. खरेदीखत आक्काच्या नावानं झालं, थोरल्या पातीच्या कचेरीत.

आक्का तिथे राहायला गेल्यावर पहिली गोष्ट जी उघड झाली ती इतकी साधी होती की सांगायला लाज वाटते. तीन खोल्यांपैकी एका खोलीत आक्का राहणार म्हटल्यावर भाड्याला खोल्या दोन. भावजींनी हिशेब तिन्हींचा सांगितला होता आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या होत्या.

दुसरी गोष्ट चैत्रात कळली. मधली खोली महिन्याच्या भाड्यानं द्यायची, तर नवरात्रात त्या माणसाला बाहेर कसं काढणार? आणि जत्रेकरूंसाठी रिकामी ठेवायची, तर वर्षभर ती रिकामीच. जत्रा आणि महिना, दोन्ही भाडी एका खोलीला मिळत नाहीत. आक्कानं पहिल्या वर्षी जत्रा धरली. खोली वर्षभर कुलपात राहिली आणि दोन नवरात्रांत मिळून नऊ रुपये आले. तीस वगैरे काही नव्हतं. तीस म्हणे कुठल्याशा वर्षी आले होते, कुंभ उज्जैनला भरला होता तेव्हा, आणि येणारीजाणारी माणसं देवासला थांबली होती.

पुढच्या खोलीतला हलवाई मात्र तीन रुपये महिना वेळेवर देत असे. गोल अंगाचा, गोड बोलणारा माळवी माणूस. पेढे चांगले करायचा. आक्का तीन रुपये अधिक जत्रेचे थोडे, एवढ्यात भागवत होती. सातांची गरज साडेतीनवर आणायची तर काय काय सोडावं लागतं ते मी लिहीत बसत नाही. तिनं कधी तक्रार केली नाही. धारेला आली की म्हणायची, "परवा दोन दिवस चूल पेटवली नाही. कंटाळा आला होता." हे ती आनंदानं सांगायची. मी तिच्या हाताची हाडं पाहायची.

दुसऱ्या वर्षी कार्तिकापासून हलवायानं भाडं थांबवलं. आज देतो, उद्या देतो करत दहा महिने काढले. भावजींनी कोतवालाला सांगितलं. कोतवालानं शिपाई पाठवायचं कबूल केलं. शिपाई यायच्या आत हलवायानं कढई, झारा, लाकडाचा पाट आणि बायको एवढं सगळं उचललं आणि समोरच्या ओट्यावर नेऊन मांडलं. समोरचा ओटा म्हणजे धाकटी पाती. मध्ये एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता.

मी त्या भाद्रपदात गेले तेव्हा तो समोर बसून खवा ढवळत होता. मला पाहून उठून उभा राहिला.

"जै माताजी, बाईसाब! कदी आया धार से?"

"आत्ताच. भाडं घ्यायला आले."

"कईं कराँ बाईसाब, धंधो मंदो हे. माताजी री सौगन, अगली नवरात में सगलो चुकई दूंगा. विराजो, पेडो खाओ."

"पेढ्याला दूध कुठून आणता मग, धंदा मंदा आहे तर?"

"उधारी से, बाईसाब," तो म्हणाला, आणि अगदी खरा हसला.

संध्याकाळी भावजी आले. मी म्हटलं, "तुमचा कोतवाल कुठे आहे?"

"वहिनी, रस्त्यापलीकडे त्याचं काही चालत नाही. ती धाकटी पाती."

"मग आपलं राज्य म्हणता ते केवढं?"

भावजींनी दारातून बाहेर पाहिलं. "गटारापर्यंत," ते म्हणाले. एवढं एक उत्तर त्यांनी मला सरळ दिलं असेल.

धाकट्या पातीत फिर्याद करता आली असती. वकील तिथला करायचा, थोरल्या पातीचं खरेदीखत तिथे दाखवायचं, साक्षीदार न्यायचे, तारखांना आलवण नेसलेल्या बाईनं कचेरीच्या पायरीवर बसायचं. खर्च काढला तर थकलेल्या भाड्याच्या दुप्पट. आक्का म्हणाली, "नको." हलवाई रोज सकाळी समोरून तिला जै माताजी घाली आणि सणाला पानावर चार पेढे पाठवी. तिच्या सोवळ्यात ते चालत नसत. ती ते गल्लीतल्या पोरांना वाटी.

पुढची खोली पुन्हा भाड्याला गेली नाही. पेढेवाला समोर बसलेला असताना दुसरा हलवाई तिथे कशाला येईल? आणि धुरानं काळ्या झालेल्या खोलीत संसार मांडायला कुणी तयार नव्हतं.

मग छप्पर. दर ज्येष्ठात कवेलू उतरवून पुन्हा लावावे लागत, कारण वर्षभर वानरं त्यावर उड्या मारत. मजुरी, नवे कवेलू, बांबू. पैसे भावजींनी दिले. पुढच्या वर्षी पुन्हा दिले. भावजींनी ते कधी मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी माझी धाकटी जाऊ, म्हणजे भावजींची बायको, एक दिवस आक्काला म्हणाली, "आक्का, परवा श्राद्ध आहे, सोवळ्यात करायला कुणी नाही. याल का?" आक्का गेली. मग चातुर्मासात गेली. मग जावेचं बाळंतपण आलं. मग रोजच. सकाळी आपल्या खोलीला कुलूप लावून भावजींच्या घरी जायची आणि दिवे लागायच्या सुमारास परत यायची. जेवणही तिथेच. घरची लिंपलेली चूल कोरडी.

मी जावेला विचारलं, "हे काय चाललंय?"

"घ्या! मी काय बोलावून डांबून ठेवलंय?" जाऊ म्हणाली. "त्यांनाच एकटं करमत नाही. आणि धाकट्या जावेनं दोन घास वाढले तर तुमच्या पोटात का दुखतं?"

वाढत कोण होतं आणि जेवत कोण होतं, ते मी बोलले नाही. देणं आमचं होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात टेकरीचं पाणी उतरलं ते मागच्या भिंतीतून. भिंत बाहेर न पडता आत पडली, नेमकी चुलीवर. आक्का भावजींकडे होती म्हणून वाचली. भावजी स्वतः धारेला निरोप घेऊन आले. या वेळी ते बैठकीत न बसता ओसरीवरच बसले. "भिंतीला दीडशे तरी लागतील," ते म्हणाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे दीडशे नव्हते.

मी देवासला पोचले तेव्हा आक्कानं ठरवून टाकलं होतं. "विक," ती म्हणाली. "मला विचारू नका, विका."

गिऱ्हाईक दोन आली. एकानं पडलेली भिंत पाहिली आणि गेला. दुसरा म्हणाला, विधवेची वास्तू आहे, घरात विचारून सांगतो. तो परत आला नाही. आठशेचं घर, पण आठशे ही ते घेणाऱ्याची किंमत होती. विकणाऱ्याची किंमत काय, ते विकायला बसल्यावर कळलं.

तिसरं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून आलं. जोडे ओट्याखाली काढून, हात जोडून. हलवाई.

"पाँच सो तीस, बाईसाब," तो म्हणाला. "नगद."

भावजी उसळले. "भाडं बुडवून पळालास आणि आता घर घ्यायला येतोस? लाज नाही वाटत?"

"लाज तो आवे हे भिया, जदी तो आयो," हलवाई शांतपणे म्हणाला.

आक्का आतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "माझं थकलेलं भाडं आधी. तीस रुपये."

"जरूर, बाईसाब. माताजी का सामने कोई को देणो नी रखूं." त्यानं कमरेची थैली सोडली आणि तीस रुपये मोजून ओट्यावर ठेवले. मग म्हणाला, "अब मकान का पाँच सो."

त्यानं तिचं देणं तिच्याच पैशातून फेडलं होतं आणि आम्हा शहाण्यांकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आक्कानं रुपये उचलले. "हो म्हणा त्याला," ती म्हणाली.

त्यानं हे पहिल्यापासून मनात धरलं होतं, असं भावजी अजून सांगतात. मला तसं वाटत नाही. टेकरीच्या पायऱ्या आमच्या बाजूला उतरत होत्या, जत्रा आमच्या ओट्यावरून जात होती, आणि तो समोर उन्हात बसून ते पाहत होता. त्याला थांबता येत होतं. आक्काला येत नव्हतं. त्यानं भिंत आपल्या मुलांकडून बांधवून घेतली, धुराची खोली धुराचीच ठेवली, नवरात्रात सगळं बिऱ्हाड ओट्यावर झोपवून तिन्ही खोल्या जत्रेला दिल्या. त्या घरात राबणाऱ्याला ते घर पिकलं. धारेत बसून त्याच्यावर जगू पाहणाऱ्यांसाठी ते कधीच नव्हतं, मग कोतवाल कुणाच्याही बैठकीत पान खावो.

भावजींचे पैसे फेडून आणि खर्च वजा जाता साडेचारशे उरले. ते आता त्याच सावकाराकडे आहेत. त्यानं दिवाळं काढलेलं नाही. महिन्याला सव्वातीनच्या वर काही पैसे येतात. विहिरीजवळच्या त्या खोलीचं भाडंच आता दीड रुपया आहे.

आक्का पुन्हा आमच्या घरी राहायला आली. मी म्हटलं, आक्का, आपल्या मागच्या पडवीत चूल मांड. सरपण माझं, दाणा माझा, चूल तुझी. तर आमचे हे, जे कधी आवाज चढवून बोलत नाहीत, ते चढवून बोलले. "एका घरात दोन चुली? घरात फूट पडली म्हणतील लोक. मला दप्तरात तोंड दाखवायचं आहे."

"मी सांगेन लोकांना," मी म्हटलं.

"राहू दे गं," आक्का म्हणाली. "कुठलीही असली तरी चूल ती चूल."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या गुडघ्यांमुळे मला खाली बसवेना, म्हणून गेल्या वर्षी मुलाचं लग्न झाल्यावर स्वयंपाकघर मी सुनेच्या हाती दिलं. सून चांगली आहे, पण लहान आहे. अजून भातुकलीच्या भांड्यांतून मोठ्या भांड्यांत आल्यासारखी वागते. चुलीपुढे आक्काच बसते. सकाळी आंघोळ करून आली की सुनेला विचारते, डाळ किती घेऊ? सून आपली ओंजळ पुढे करून दाखवते, आणि आक्का तेवढीच घेते.